तिखट रामेन चाखायला शिकताना

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी चार तिखट इन्स्टंट रामेन, म्हणजे पाकिटातल्या जपानी-कोरियन धाटणीच्या नूडल्स, ओळीने चाखली. वही-पेन घेऊन बसलो होतो, त्यामुळे आपली तयारी झक्कास आहे अशी समजूत होती. पहिल्याला भरभरून गुण दिले, दुसऱ्याला जरा हात आखडता घेतला, तिसऱ्याच्या वेळी नाक वाहायला लागलं आणि चौथ्यापुढे लिहिलं: ‘सपक. नुसतं खारट.’ आठवड्याभराने ते चौथं पाकीट दुपारी एकटंच शिजवलं. सुपाला भाजक्या लसणाचा वास होता, मागे आंबवलेल्या मिरचीची आंबूस झाक होती आणि शेवटी घशात हळूहळू चढत जाणारी धग. चौघांत उजवं तेच होतं. त्या संध्याकाळी सपक झाली होती ती माझी जीभ.

तिखट रामेनची परीक्षा करताना नवखा माणूस ‘किती तिखट?’ एवढंच विचारतो. त्यापेक्षा ‘हे तिखट कुठे लागलं, केव्हा लागलं, किती वेळ राहिलं आणि त्याच्याआड काय होतं?’ असं विचारलं तर हाताला काहीतरी लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या चार प्रश्नांची उत्तरं शोधण्यासाठी आहेत.

आधी एवढं समजून घ्या: तिखट ही चव नव्हे

गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (रश्शाची भरीव, खमंग चव) या जिभेच्या चवी. तिखट त्यांच्यात बसत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या टीआरपीव्ही-१ नावाच्या संवेदकाला जाऊन चिकटतं. हा संवेदक म्हणजे उष्णतेचा पहारेकरी. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वरचं काही लागलं की ‘भाजतंय’ अशी वर्दी मेंदूला द्यायची, हे त्याचं काम. कॅप्सेसिन त्याला फसवतं आणि काहीही भाजलेलं नसताना वर्दी जाते. हा संवेदक १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ओळखला. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि आर्डेम पटापूटियन यांना विभागून मिळालं.

चाखणाऱ्याच्या दृष्टीने यातून तीन गोष्टी निघतात. एक, कढत सूप आहे त्याहून तिखट लागतं, कारण खरी उष्णता आणि खोटी उष्णता एकाच दारातून आत शिरतात. दोन, तिखट उशिरा येतं. मीठ आणि साखर घास तोंडात पडताच कळतात, तिखटाला कळसाला पोचायला अर्धा-एक मिनिट लागू शकतं. तीन, कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून ते सुपाच्या अंगात कमी आणि वर तरंगणाऱ्या लाल तवंगात जास्त असतं. ही तिसरी गोष्ट लक्षात ठेवा, चाखताना तिचं काम पडणार आहे.

पाकिटावर किंवा जाहिरातीत दिसणारा स्कोव्हिल आकडा हा तिखटपणा मोजायचा एक जुना मार्ग. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तो काढला: मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं झालं की किती पट पातळ केलं ते मोजायचं. आता कॅप्सेसिनचं प्रमाण यंत्राने मोजून आकडा काढतात. सामयांग या कोरियन कंपनीच्या मूळ ‘बुलदाक बोक्कुम म्योन’ या रामेनचा आकडा ४,४०० च्या आसपास सांगितला जातो. आकडा उपयोगी आहे, पण तो फक्त किती तिखट ते सांगतो. समान आकड्याची दोन रामेन तोंडात अगदी वेगळी वागू शकतात. एकात साखर जास्त असेल तर आग दबते, दुसऱ्यात आंबटपणा असेल तर ती टोचते.

दिवस आणि वेळ निवडा

एका बैठकीत एक रामेन. तुलना करायचीच असेल तर दिवसभरात दोन, त्याहून जास्त नाही.

याचं कारण जिभेच्या स्वभावात आहे. तिखट घास पटापट एकामागून एक घेतले की प्रत्येक घासाला आग वाढत जाते. मध्ये पंधरा-वीस मिनिटं थांबून परत चाखलं तर उलटं होतं, तीच जीभ बधिर झालेली असते आणि तेच सूप निम्म्याने तिखट लागतं. म्हणजे घाई केली तरी निकाल चुकतो आणि मध्येच थांबलं तरी चुकतो. दोन रामेनमध्ये निदान दोन-तीन तास तरी जाऊ द्यावेत. एक सकाळी आणि एक संध्याकाळी, हे उत्तम.

पोट अगदी रिकामं नको आणि तुडुंब भरलेलंही नको. आधीच्या तासाभरात कॉफी, पेपरमिंट, टूथपेस्ट टाळा. सर्दी झाली असेल तर सरळ पुढच्या आठवड्यावर टाका, कारण ज्याला आपण ‘चव’ म्हणतो त्यातला मोठा हिस्सा नाकाचा असतो. ज्यांना आम्लपित्ताचा, जठराच्या व्रणाचा किंवा दम्याचा त्रास आहे त्यांनी जहाल प्रकारांच्या वाटेला जाऊ नये आणि लहान मुलांना तर ते देऊच नयेत. जून २०२४ मध्ये डेन्मार्कच्या अन्न प्रशासनाने बुलदाकचे तीन जहाल प्रकार त्यांतल्या कॅप्सेसिनच्या प्रमाणामुळे बाजारातून परत मागवले होते. पुढच्या महिन्यात त्यांतल्या दोघांवरची बंदी उठली, सर्वांत जहाल, ‘तिप्पट तिखट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकारावरची मात्र राहिली.

पाकिटाची मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला ज्वाळा आणि घाम गाळणारी चित्रं असतात. कामाचा मजकूर मागे बारीक अक्षरात असतो.

पहिल्यांदा हे बघा की रामेन सुपाचं आहे की कोरडं. नोंगशिम या कोरियन कंपनीचं ‘शिन रामयॉन’ १९८६ पासूनचं, सुपाचं. ‘शिन’ या अक्षराचा अर्थच तिखट. बुलदाक २०१२ चं. ‘बुल’ म्हणजे आग, ‘दाक’ म्हणजे कोंबडी आणि ‘बोक्कुम’ म्हणजे परतलेलं. यात पाणी ओतून टाकायचं आणि दाट सॉस नूडल्सना चोपडायचा. सुपाच्या रामेनमध्ये तिखट पाण्यात पसरतं, कोरड्यात ते नूडल्सना लेपासारखं चिकटून थेट ओठांवर येतं. या दोघांना एकाच पट्टीने मोजणं अन्यायाचं.

मग घटक. मैद्याच्या जोडीला बटाट्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च असेल तर नूडल्स जास्त तुकतुकीत आणि चावायला तरतरीत असणार, असा अंदाज बांधा. पोटॅशियम कार्बोनेट, सोडियम कार्बोनेट दिसलं तर बिचकू नका. जपानीत ज्याला ‘कान्सुई’ म्हणतात ते हेच क्षार. त्यांच्यामुळे नूडल्सना पिवळसर रंग, लवचीकपणा आणि तो ओळखीचा किंचित क्षारीय वास येतो. तळलेल्या नूडल्समध्ये वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के तेल असतं, हवेवर सुकवलेल्यांत फारच कमी. तळताना पाणी वाफ होऊन निघून गेलं की पिठात बारीक भोकं राहतात. त्यांतून उकळतं पाणी भराभर आत जातं, म्हणून तळलेल्या नूडल्स लवकर शिजतात आणि लवकर गचकाही होतात.

मसाल्याच्या यादीत मिरची पूड आधी आहे की मिरचीचा अर्क, तेही पाहा. नुसत्या अर्काचं तिखट सुईसारखं लागतं, लख्ख आणि एकसुरी. पूड किंवा आंबवलेली मिरची असेल तर तिखटाबरोबर फळाचा, उन्हाचा, कधी धुराचा वास येतो. ‘पाप्रिका अर्क’ लिहिलं असेल तर तो मुख्यतः रंगासाठी असतो. सूप लालभडक म्हणजे तिखट, हा समज त्यामुळे सोडून द्या. मी खाल्लेल्यांत सर्वांत लाल दिसणारं सूप अगदी मवाळ निघालं होतं.

उमामीची माहितीही इथेच मिळते. किकुने इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी हे नाव दिलं. पाकिटावर ६२१ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. ६३१ इनोसिनेट, ६२७ ग्वानिलेट, ही उमामी देणारी आणखी दोन द्रव्यं, आणि ६३५ म्हणजे या दोघांची जोडी. हे एकत्र आले की उमामी नुसती बेरीज होऊन नाही, कित्येक पटींनी वाढते. त्यामुळे ६२१ आणि ६३५ जोडीने दिसले तर ‘सूप किती दाट लागतंय!’ असं वाटण्यात त्या जोडीचा वाटा धरून चाला. ही काही लबाडी नव्हे, पण श्रेय कुणाचं ते कळलेलं बरं.

शेवटी सोडियम. पाकिटामागे १,५०० ते १,८०० मिलिग्रॅम अगदी नेहमीचं. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं, म्हणजे १,८०० मिलिग्रॅमला साडेचार ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसासाठीची मर्यादा दिवसाला २,००० मिलिग्रॅम सोडियमच्या आतली आहे. चाखण्यासाठी सगळं सूप प्यावं लागत नाही, हा इथला फायदा.

कच्चं असतानाच वास घ्या

पाकीट फोडल्या फोडल्या नूडल्सच्या वडीला नाक लावा. भाजक्या पिठाचा, खमंग वास यायला हवा. खवट, रंगासारखा किंवा जुन्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर तळणाचं तेल बिघडलेलं आहे आणि वरून कितीही मसाला घातला तरी तो खवटपणा शेवटच्या घासात डोकं वर काढणारच. तारीख उलटली नसली तरी पाकीट उन्हात पडून राहिलं असेल तर असं होतं. एक छोटा तुकडा मोडून कच्चाच चावा. गव्हाची गोडसर चव आणि थोडं मीठ लागलं की ठीक.

मसाल्याची पुडी थेट नाकाशी नेऊ नका. हा धडा मला ठसक्याने शिकवला. चिमूटभर पूड ताटलीत काढा आणि हाताने वारा घालत वास आपल्याकडे आणा. तेलाची किंवा सॉसची पुडी कात्रीने कापा, दातांनी नको. त्यानंतर हात साबणाने दोनदा धुवा, कारण तेलातलं कॅप्सेसिन नुसत्या पाण्याने जात नाही आणि ते बोट डोळ्याला लागलं की त्या दिवसापुरती परीक्षा आटोपली म्हणून समजा.

शिजवताना अंदाजपंचे नको

सगळ्यात जास्त अन्याय पातेल्यात होतो. ‘फारच खारट’, ‘पाणचट’, ‘तिखट वाटत नाही’ अशी जी मतं ऐकू येतात, त्यांतल्या बऱ्याच मतांमागे पाण्याचं माप चुकलेलं असतं. शिन रामयॉनच्या १२० ग्रॅमच्या पाकिटाला ५५० मिलिलिटर पाणी सांगितलेलं आहे. तिथे ४५० घेतलं तर मीठ, तिखट, उमामी सगळंच सुमारे २२ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे तुम्ही वेगळंच रामेन चाखताय. मापाचं भांडं नसेल तर स्वयंपाकाचा वजनकाटा घ्या. एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम.

वेळ घड्याळावर मोजा आणि नूडल्स टाकल्यावर पाणी परत उकळू लागलं की मग मोजायला लागा. पाकिटावर चार ते पाच मिनिटं लिहिलं असेल तर पहिल्यांदा साडेचार. कोरड्या प्रकारात किती पाणी राखायचं तेही लिहिलेलं असतं. मूळ बुलदाकला पाच मिनिटांच्या उकळीनंतर आठ चमचे पाणी राखून, सॉस घालून अर्धा मिनिट परतायचं असतं. हे आठ चमचे फेकून दिले तर सॉस गोळ्यासारखा बसतो आणि एक घास जहाल, एक घास सपक असं होतं.

पहिल्या चाखणीत अंडं नको, चीज नको, कांद्याची पात नको. चीजमधलं केसिन हे प्रथिन आणि स्निग्धांश तिखट झाकतात, अंड्याचा बलक सूप दाट करतो. ते रामेन छानच लागतं, पण मग गुण चीजला जातात. दुसऱ्या वेळी हवं ते घाला.

आता चाखा, पण सावकाश

रामेन एका पांढऱ्या वाडग्यात काढा आणि दोन-तीन मिनिटं हात लावू नका. चूल सोडतानाचं सूप ९० अंशांच्या वर असतं. ते साठीच्या आसपास येऊ द्या. ओठांना चटका न बसता घोट घेता आला की वेळ झाली. तोवर वास घ्या, वाफेत तोंड न खुपसता, हातभर अंतरावरून. पहिला वास कशाचा? लसूण, गोमांसाचा अर्क, मासळी, मिरची, तीळ, की नुसतं तेल? जे सुचेल ते लिहून टाका. पहिला घोट घेतल्यावर नाक पूर्वीसारखं राहत नाही.

पहिला घोट सुपाचा, नूडल्सशिवाय. चमचा बुडवण्याआधी सूप तळापासून ढवळा. तवंगाची गोष्ट आठवतेय ना? न ढवळता वरून घेतलेला चमचा आणि तळातून घेतलेला चमचा यांच्या तिखटात जमीन-अस्मानाचा फरक असतो. घोट तोंडात पाच सेकंद फिरवा आणि गिळा. मग काहीही न खाता-पिता घड्याळाकडे बघत एक मिनिट बसा. तेवढा वेळ थांबणं नवख्याला सर्वांत जड जातं आणि खरं शिक्षण त्यातच आहे.

त्या मिनिटात असं बघा: पाच सेकंदांपर्यंत काय होतं? बहुधा मीठ, गोडी, उमामी. वीस सेकंदांना तिखट कुठे आहे: ओठांवर, जिभेच्या शेंड्याला, टाळूला, की घशात? मिनिट संपताना ते चढतंय की उतरतंय? आणि तीन मिनिटांनी काही शिल्लक आहे का? जिभेच्या अमुक भागाला गोड आणि तमुक भागाला कडू कळतं हा शाळेच्या पुस्तकातला नकाशा चुकीचा आहे, सगळ्या चवी सगळीकडे कळतात. तिखटाची जागा मात्र नोंदवण्यासारखी असते, कारण कोरडा सॉस ओठ भाजतो, तर पातळ सूप घशाशी जाऊन खवखव करतं.

दुसरा घोट नाक दाबून. नाक चिमटीत धरा, घोट घ्या, गिळा आणि मग नाक सोडा. दाबलेलं असताना जे लागतं ते जिभेचं: मीठ, साखर, आंबट, उमामी आणि सोबत आग. सोडल्यावर जे एकदम उमलतं ते वासाचं: लसूण, भाजल्याचा खमंगपणा, मिरचीचं फळपण. नाक सोडल्यावर काहीच उमललं नाही, तर त्या रामेनच्या मागे फारसं काही नाही. मी एखाद्या रामेनची योग्यता याच घोटावरून ठरवतो. बाकी सगळं बारकावे भरणं.

मग नूडल्स. दोन-चार नूडल्स सुपातून उचला, वाडग्याच्या कडेवर निथळू द्या आणि नुसत्या चावा. दात लागताना थोडा विरोध, मग तुटताना सरळ तुटणं, हे चांगलं लक्षण. मध्यभागी पिठाची कच्चट गाठ राहिली असेल तर कमी शिजल्या, दाताला चिकटल्या तर जास्त. नूडल्स उचलताना त्या तवंगातून वर येतात आणि तेल अंगाला लावून घेतात, म्हणून नूडल्सचा घास सुपाच्या घोटापेक्षा तिखट लागणं स्वाभाविक आहे. फार मोठा फरक असेल तर तेलाची पुडी सुपात नीट मिसळत नाही असं समजा.

शेवटी दोन्ही एकत्र, जसं माणसं खातात तसं, सुर्रकन ओढून. ओढताना हवा आत जाते आणि वास घशामागून नाकापर्यंत पोचतो. ठसका लागायची भीती असेल तर बेतानेच ओढा. तिखट तेलाचा थेंब श्वासनलिकेशी गेला तर पुढची पाच मिनिटं कुणाशी बोलता येत नाही.

नाक वाहायला लागलं की परीक्षा संपली. मिरचीने नाक गळणं हे शरीराचं नेहमीचं उत्तर आहे, पण चोंदलेल्या नाकाने दिलेले गुण म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून केलेली रंगांची पारख. त्यानंतर जेवण म्हणून खा, वही मिटून.

जे लागलं त्याला नाव द्या

इथे मराठी माणसाची चंगळ आहे. ‘तिखट’ या एका शब्दावर थांबायचं कारणच नाही. जिभेच्या शेंड्याला बारीक टोचतं ती चुरचुर. सगळ्या तोंडात एकदम भडकतो तो जाळ. हळूहळू चढते आणि रेंगाळते ती धग. घशात राहते ती खवखव. ओठ आणि जीभ थरथरवतात त्या झिणझिण्या, आणि त्या मिरचीच्या नसतात. सिचुआन मिरी या चिनी मसाल्यात सान्शूल नावाचं द्रव्य असतं, ते स्पर्शाच्या नसांना चाळवतं. चिनी भाषेतल्या ‘माला’त ‘मा’ म्हणजे हा बधिरपणा आणि ‘ला’ म्हणजे तिखट. मोहरी-वसाबीचं तिखट सरळ नाकात झणझणतं आणि क्षणात ओसरतं. मिरीचं तिखट लाकडासारखं कोरडं. आल्याचं ऊबदार.

तिखटाशिवायचेही शब्द हवेत. मिरची कशी आहे: कच्चट हिरवी, गोडसर, आंबूस, धुरकट, करपट? सूप कसं आहे: पाणचट, मिळमिळीत, भरीव, तेलकट, जिभेला लेप देणारं? मागे काय राहतं: कडसरपणा, तुरटपणा, धातूसारखी चव, की स्वच्छ गोडी?

कोरियन खवय्यांचे तीन शब्द मला फार कामाला येतात. ‘ऑल्खुनहान’ म्हणजे पोटापर्यंत ऊब नेणारं, भरीव सुपाचं तिखट. ‘खालखालहान’ म्हणजे घशाला धार लावणारं तिखट. आणि ‘शिवॉनहान’, शब्दशः ‘गार’, पण कढत सूप प्यायल्यावर आतून मोकळं-मोकळं वाटतं त्यालाही हेच म्हणतात. नूडल्ससाठी त्यांच्याकडे ‘क्कोदुल-क्कोदुल’ आहे, किंचित कमी शिजलेल्या आणि कणखर. आणि ‘च्चोल्गित’, लवचीक आणि चावायला मजा येणाऱ्या. जपानीत त्याच अंगाच्या ताकदीला ‘कोशी’ म्हणतात, म्हणजे कंबर. नूडलला कंबर असते ही कल्पना एकदा मनात बसली की लेचीपेची नूडल लगेच ओळखू येते.

तुलना करायची असेल तर

रोज मिरची खाणाऱ्याला जे मवाळ, ते न खाणाऱ्याला जहाल. म्हणून ‘१० पैकी ७ तिखट’ या वाक्याला तसा अर्थ नाही. त्याऐवजी सहज मिळणारं, दरवेळी सारखं लागणारं एक रामेन आपलं ‘मापाचं पाकीट’ ठरवा. बाकीची त्याच्या वर की खाली, एवढंच लिहा. वर्षभरात तुमची सहनशक्ती वाढली तरी क्रम सहसा बदलत नाही.

पाकिटांचा मोह वाईट असतो. काळं पाकीट, कवटीचं चित्र बघितलं की पहिल्या घोटाआधीच घाम फुटतो. घरातल्या कुणाला तरी सांगा, दुसऱ्या खोलीत शिजवून सारख्याच वाडग्यांत आणायला. वाडग्यांना १, २ किंवा अ, ब अशी नावं नकोत, त्यांतही क्रम डोकावतो. ४७१, ८२६ असे आडनिडे आकडे द्या. दोन रामेनमध्ये खरंच फरक कळतोय का हे तपासायचं असेल तर तीन वाडगे मागवा, दोन एकाचे आणि एक दुसऱ्याचा, आणि वेगळा कोणता ते ओळखा. अशा वेळी वाडग्यामागे एकच चमचा सूप पुरे. मी दोन कंपन्यांच्या ‘अगदी वेगळ्या’ सुपांवर एकदा अर्धा तास व्याख्यान दिलं होतं. तीन वाडग्यांच्या परीक्षेत वेगळा वाडगा मला ओळखता आला नाही.

आग लागली तर

पाणी पिऊ नका. ते कॅप्सेसिन धुत नाही, फिरवतं. बुडबुड्यांची थंडगार पेयं त्याहून वाईट. दूध घ्या, थंड, आणि तोंडात थोडा वेळ धरून मग गिळा. साय असलेलंच हवं असं नाही, बिनसायीचंही चालतं, कारण बरंचसं काम केसिन करतं. चमचाभर साखरही चालते. मात्र दूध प्यायल्यानंतरचा घोट परीक्षेत धरू नका. चाखत असताना दोन घोटांमध्ये तोंड सारखं करायला पांढरा पाव किंवा बिनमिठाची साधी बिस्किटं बरी.

वहीत काय लिहायचं

थोडक्यात: नाव, बनावटीची तारीख, पाण्याचं माप, वेळ. मग सुपाच्या पहिल्या मिनिटाची तिखटाची वाट, नाक सोडल्यावर काय उमललं, नूडल्सची कंबर आणि मापाच्या पाकिटाच्या वर की खाली. ‘आवडलं’, ‘नाही आवडलं’ वेगळ्या ओळीत लिहा. मला न आवडणारी पण उत्तम बनवलेली दोन-तीन रामेन आहेत. टॉम याम या थाई आंबट-तिखट सुपाच्या प्रकारातल्या गवती चहाच्या वासाशी माझं अजून जमलेलं नाही, म्हणून ते रामेन वाईट ठरत नाही.

एक चमचा सूप मात्र शेवटपर्यंत बाजूला ठेवा आणि अर्ध्या तासाने, पूर्ण गार झाल्यावर चाखा. जीभ थोडी बधिर असेल, पण इथे आग मोजायची नाही. गारव्यात वासही निजलेले असतात. राहतात ते मीठ, साखर, तेल आणि उमामी, लपायला जागा नसलेले. चांगलं सूप गार झाल्यावरही प्यावंसं वाटतं. त्यात हाडांची, भाजीची, आंबवलेल्या मिरचीची काहीतरी गोडी राहिलेली असते. आणि काही सुपं गार होताच मिठाचं पाणी आणि त्यावर तरंगणारं लाल तेल, एवढीच उरतात. गरम असताना मी त्यांना भरघोस गुण दिलेले असतात. तेव्हा आधीचे आकडे खोडत नाही, फक्त शेजारी दुसऱ्या शाईने ‘गार: नाही’ एवढं लिहितो.